"आरटीईची मुलं": प्रवेशानंतर लेकरांना वेगळं काढलं जातं ते कुठे आणि ते थांबवायचं कसं

नदीकाठ | ३ मार्च, सकाळी १०:१२

सोडतीचे दिवस आले की आरटीईचा अर्ज कसा भरायचा यावर भरपूर लिहिलं जातं. हा धागा त्याच्या पुढच्या टप्प्यासाठी काढते आहे. नंबर लागला, पडताळणी झाली, मूल पहिलीच्या वर्गात जाऊन बसलं. त्यानंतर आठ वर्षं त्याच्या पाठीला "आरटीईचा" हा शिक्का चिकटतो तो नेमका कुठून, यावर इथल्या जाणकारांनी लिहावं.

आधी कायद्याचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा (म्हणजेच आरटीई) २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. कलम १२(१)(सी) नुसार खाजगी विनाअनुदानित शाळेला प्रवेशाच्या पहिल्या इयत्तेत किमान २५ टक्के जागा वंचित गट आणि दुर्बल घटकातल्या मुलांना द्याव्या लागतात आणि आठवीपर्यंत मोफत शिकवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ ला ही तरतूद वैध ठरवली. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा २०१४ च्या निकालाने यातून बाहेर आहेत. केंद्राच्या आदर्श नियमावलीत तर स्पष्टच लिहिलंय की या मुलांना इतरांपासून वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या वेळी बसवायचं नाही आणि पुस्तकं, गणवेश, ग्रंथालय, संगणक, खेळ यात भेदभाव करायचा नाही.

म्हणजे कागदावर सगळं आहे. आता वर्गात पाहू.

पहिली जागा हजेरीपट. चाळीसचा पट. १ ते ३० नावं अकारविल्हे. मग एक ओळ कोरी. मग ३१ पासून ४० पर्यंत पुन्हा 'अ'पासून सुरुवात. बाई रोज सकाळी त्याच क्रमाने नावं पुकारतात. सहा वर्षांच्या मुलांना आरटीई म्हणजे काय ते कळत नाही, पण "शेवटचे दहा" कोण ते आठवडाभरात कळतं. रांग लावताना, डबा खायला बसताना, प्रयोगाचे गट पाडताना तोच क्रम वापरला जातो आणि ही दहा मुलं प्रत्येक वेळी एकत्र आणि शेवटी येतात.

बऱ्याच ठिकाणी हे कुणी मुद्दाम केलेलं नसतं. फीच्या सॉफ्टवेअरमध्ये विद्यार्थ्याच्या नावापुढे शुल्कप्रकाराचा रकाना असतो, आणि यादी छापताना ती आधी त्या रकान्याने लावली जाते, मग नावाने. कारकून तीच यादी वर्गशिक्षिकेला देतो. उपाय दोन मिनिटांचा आहे: वर्गासाठीची यादी फक्त नावाच्या क्रमाने काढायची आणि शुल्काचा रकाना त्यात छापायचाच नाही. हे दोन मिनिटांचं काम वर्षानुवर्षं कुणाला सुचत नाही, कारण ती कोरी ओळ कुणाला खुपत नाही. माझ्या मते गरिबांबद्दलचा आकस हल्ली राहतो तो असा. शिवी कुणी देत नाही, ओळ मात्र कोरी सोडतात.

बाकीच्या जागा तुम्ही सांगा.

खडूफळा | ३ मार्च, सकाळी ११:४०

धागा फार गरजेचा, नदीकाठ ताई. वर्गातलं मी लिहितो.

सर्वांत जास्त नुकसान करणारं वाक्य शिक्षक-खोलीतलं आहे: "यांना इंग्लिश झेपत नाही." घरात इंग्रजी नसलेलं मूल जूनमध्ये इंग्रजी माध्यमाच्या पहिलीत येतं. ज्युनियर-सीनियर केजी केलेली मुलं त्याच्या दोन वर्षं पुढे असतात. हा फरक शिकवणीच्या वर्षांचा आहे, बुद्धीचा नाही. पण पहिल्या घटक चाचणीनंतर वहीवर 'स्लो लर्नर' असं पडतं आणि मग सुधारवर्ग लावतात. तो लावतात चित्रकलेच्या किंवा पीटीच्या तासाला. म्हणजे ज्या दोन तासांत भाषेची अडचण नसते, जिथे हे मूल बरोबरीने किंवा पुढे असू शकतं, नेमके तेच काढून घेतले.

जे चालतं ते असं. पहिले तीन महिने सूचना दोन्ही भाषांत द्यायची, आधी इंग्रजी, लगेच मराठी, हाताने दाखवून. वर्गात रोज लागणारी वाक्यं (पाणी प्यायला जाऊ का, समजलं नाही, पुन्हा सांगा, पेन्सिल संपली) आठवड्याला चार-पाच या वेगाने पक्की करून घ्यायची. हे संपूर्ण वर्गाकडून म्हणून घ्यायचं, निवडक मुलांकडून नाही. बाकावरची जोडी दर पंधरा दिवसांनी सगळ्यांचीच बदलायची. तोंडी उत्तर मराठीत आलं आणि बरोबर असलं तर गुण द्यायचे आणि फळ्यावर इंग्रजी रूप लिहून दाखवायचं. कायद्याच्या कलम २९(२)(एफ) मध्येही शक्य असेल तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं आहे, त्यामुळे "शाळेचा नियम आहे, मराठी बोलायचं नाही" म्हणून पहिलीतल्या मुलाला दंड किंवा शिक्षा करणं कुठल्याही आधारावर टिकत नाही. कलम १७ ची शिक्षेवरची बंदी मानसिक छळालाही लागू आहे.

दुसरं, प्रकल्प. "रंगीत प्रिंट काढून चिकटवा" हे चार शब्द डायरीत लिहिताना आपण एका घराचा अर्ध्या दिवसाचा रोजगार मागतोय, हे लक्षात येत नाही. सायबर कॅफेत रंगीत पानाला दहा रुपये धरले तरी आठ पानांचे ऐंशी, वर चार्ट पेपर, थर्माकोल. आणि गुण देताना ज्याचा प्रकल्प चकचकीत त्याला जास्त. साहित्याची मर्यादा आखून द्यावी: जुनी वर्तमानपत्रं, पाठकोरे कागद, घरातले रंग. आणि काम वर्गातच, शाळेच्या तासात.

पेणकर_वि | ३ मार्च, दुपारी २:०५

मला वेगळी बाजू मांडायची आहे आणि ती मनापासून मांडतोय, कृपया गरिबांचा द्वेष म्हणून वाचू नये. फी भरणाऱ्या पालकांत नाराजी आहे ती दोन गोष्टींची. एक, शाळा दरवर्षी फी वाढवताना सांगते की पंचवीस टक्के मुलांचा बोजा आमच्यावर आहे, तो तुमच्यातूनच काढावा लागतो. दोन, आरटीईतून आलेल्या काही घरांकडे चारचाकी आहे, मुलाकडे टॅब आहे. मग खरा गरीब बाहेर राहतो आणि आमची सहानुभूती आटते. याचं उत्तर काय?

हिशेबनीस | ३ मार्च, सायं. ६:३०

पेणकर, पहिल्या मुद्द्याचा हिशेब मांडतो. तो मांडल्याशिवाय ही चर्चा नेहमी भावनेवर जाते.

महाराष्ट्रात शासन शाळेला दर विद्यार्थ्यामागे वर्षाला कमाल १७,६७० रुपये प्रतिपूर्ती (या मुलांच्या फीची भरपाई) देतं. कलम १२(२) नुसार शासनाचा दर मुलामागचा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यातली कमी रक्कम. आता ८० प्रवेशांची शाळा घ्या. २० जागा आरटीईच्या, ६० फी भरणाऱ्या.

फी २०,००० असेल तर दर मुलामागे तूट २,३३०. वीस मुलांची ४६,६००. साठ पालकांत वाटली तर माणशी वर्षाला साधारण ७७७ रुपये. म्हणजे महिन्याला ६५. फीवाढ वर्षाला चार हजारांची होत असेल आणि कारण "आरटीईचा बोजा" सांगितलं जात असेल, तर बाकीचे सव्वातीन हजार कुठे गेले हा प्रश्न शाळेला विचारायचा, त्या वीस मुलांच्या आईबापांना नाही.

फी दीड लाख असेल तर कागदावरचा फरक मोठा दिसतो, १,३२,३३० दर मुलामागे. पण हा न मिळालेल्या फीचा आकडा आहे, झालेल्या खर्चाचा नाही. शिक्षक, इमारत, वीज, पहारेकरी यांचा खर्च पट ६० असो की ८०, फारसा हलत नाही.

विचारायचं कुठे? महाराष्ट्राचा शुल्क विनियमन कायदा २०११ चा आहे. प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते, प्रत्येक इयत्तेतून एक पालक चिठ्ठी टाकून निवडायचा. फीचा प्रस्ताव शाळेला या समितीपुढे हिशेबासह ठेवावा लागतो. तिथे बसणाऱ्याने एवढंच विचारावं: आरटीई प्रतिपूर्तीची मागणी किती केली, किती मिळाली, किती थकली, आणि ती जमेच्या कुठल्या बाजूला दाखवली. आणि हो, त्या चिठ्ठ्यांत आरटीई पालकांचीही नावं असली पाहिजेत. तेही त्याच संघाचे सभासद आहेत.

अजून एक, फार कमी लोकांना माहीत असलेलं. कलम १२(२) च्याच परंतुकात म्हटलंय की ज्या शाळेला जमीन, इमारत किंवा इतर सवलत फुकट अथवा कमी दरात मिळाली आणि त्या बदल्यात काही मुलांना मोफत शिकवण्याचं बंधन आधीच आहे, तिला तेवढ्या मुलांची प्रतिपूर्ती मिळत नाही. अशा शाळेने जमिनीच्या रूपाने मोबदला आधीच घेतलेला असतो. आणि प्रतिपूर्ती येते ती सगळ्यांच्या करातून. साबणाच्या वडीवरचा जीएसटी धुणीभांडी करणारी बाई तुमच्या-माझ्या इतकाच भरते.

शिवारफेरी | ३ मार्च, रात्री ९:१८

चारचाकीच्या मुद्द्यावर. इथे दोन वेगळे गट लोक एकत्र करतात, तिथून गैरसमज सुरू होतो.

'दुर्बल घटक' म्हणजे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत, तहसीलदाराच्या दाखल्याने. 'वंचित गट' म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), दिव्यांग, एचआयव्ही बाधित अशी मुलं. यांना उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे वंचित गटातून आलेल्या घराकडे गाडी असली तर ती लबाडी ठरत नाही. कायद्याने तिथे जातीमुळे किंवा शारीरिक स्थितीमुळे दाराबाहेर राहणं मोजलंय, खिसा मोजलेला नाही. तो निकष बदलावा की नाही यावर वाद घालता येईल, पण तो विधिमंडळाशी घाला, वर्गातल्या मुलाशी नको.

आता एक लाखाची मर्यादा बघा. महिन्याला ८,३३३ रुपये. चार घरी प्रत्येकी अडीच हजारांत काम करणाऱ्या बाईचे दहा हजार होतात, वर्षाचे एक लाख वीस हजार. तिचा नवरा घरात बसून असला तरी ती अपात्र. वॉचमन अपात्र, डिलिव्हरीवाला अपात्र. मर्यादा इतकी खाली ठेवली की खरं सांगणारा बाहेर आणि दाखला "बसवून" आणणारा आत. खोटे दाखले, खोटे भाडेकरार होतात, नागपुरात त्यावरून पालकांवर गुन्हेही दाखल झाले. ते चूकच आहे, त्याने खऱ्या मुलाची जागा जाते. पण पकडण्याचं काम पडताळणी समितीचं. शेजारच्या बाकावरच्या पालकाने दुसऱ्याच्या चपला, मोबाईल, मुलीच्या कानातलं बघून करायचं ते काम नव्हे.

आणि मोबाईलबद्दल तर बोलूच नये. अर्ज ऑनलाइन, ओटीपी मोबाईलवर, घराची जागा गुगल नकाशावर फुगा हलवून दाखवायची, गृहपाठ ग्रुपवर. ज्या वस्तूशिवाय हक्क मागताच येत नाही ती हातात दिसली की "कसले गरीब" म्हणायचं, हे बरोबर नाही.

फुग्याचं निघालंच तर यंदा अर्ज भरणाऱ्यांसाठी: फुगा घराच्या छपरावर आणून ठेवा, रस्त्याच्या नावावर सोडू नका. अंतर टप्प्यांत मोजलं जातं आणि पाचशे मीटरच्या चुकीने मूल दुसऱ्या टप्प्यात जातं. पडताळणीत पत्ता आणि नकाशा जुळला नाही की लागलेला नंबर जातो. भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला आणि अर्जाच्या आधीच्या तारखेचा हवा. एका मुलाचे दोन अर्ज भरू नका, नाव जन्मदाखल्याप्रमाणेच टाका. वस्तीत हे सगळं एका झेरॉक्सवाल्याच्या भरवशावर होतं आणि चूक त्याची, शिक्षा पोराला.

दफ्तर१९ | ४ मार्च, सकाळी ९:५०

शाळेच्या कार्यालयाची बाजू मांडतो, कारण ती या चर्चेत नेहमी खलनायक म्हणून येते.

८० प्रवेशांच्या शाळेत पहिली ते आठवी पूर्ण भरली की आरटीईची मुलं १६०. गुणिले १७,६७० म्हणजे वर्षाला २८ लाख २७ हजार २००. ही रक्कम वेळेवर येत नाही. हप्त्यात येते, कधी मागची दोन-तीन वर्षं थकलेली असतात. मोठी शाळा ते सोसते. पंधरा-वीस हजार फीवाली, भाड्याच्या इमारतीतली शाळा सोसत नाही, तिथे शिक्षकांचे पगार अडकतात. मग संस्थाचालकाचा राग शासनावर निघायचा तो काउंटरवर उभ्या राहिलेल्या बाईवर निघतो. "तुमचे पैसे आलेले नाहीत" असं तिला सांगितलं जातं. तिचे पैसे कधी येणारच नव्हते, ते शासनाचे आहेत. हे वाक्य कार्यालयातून बंद व्हायला पाहिजे. लेखनिकाला बसवून सांगायला लागतं: पालक देणेकरी नाही, शासन देणेकरी आहे.

कार्यालयात करता येण्यासारखं: आरटीईची नोंद दोनच माणसांकडे, लेखनिक आणि मुख्याध्यापक. वर्गशिक्षकाला ती लागत नाही. फी थकल्याच्या चिठ्ठ्या वर्गात वाटायच्या नाहीत, पालकाच्या फोनवर थेट पाठवायच्या. चिठ्ठ्या वर्गात वाटल्या की ज्यांना कधीच मिळत नाही ती मुलं कोण, तेही कळतं. पालकसभेची वेळ कामाच्या दिवशी सकाळी ११ ठेवली की रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा होतो, तो आला नाही की "यांना मुलाची काळजीच नाही" असा शेरा पडतो. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला ठेवून बघा किती येतात. आणि सूचना इंग्रजीबरोबर मराठीत.

प्रतिपूर्तीबद्दल शाळांना एक: प्रस्ताव परत येतात ते बहुतेक मुलांची हजेरी, आधार आणि पोर्टलवरचं नाव जुळत नाही म्हणून. जूनमध्येच जुळवून घ्या, मार्चमध्ये धावाधाव नको.

मोगरा_सांगली | ४ मार्च, दुपारी १२:२५

वाचते आहे, खूप उपयोगी. एक नेमकं विचारायचं होतं. गॅदरिंगच्या पोशाखाचे नऊशे, 'अ‍ॅक्टिव्हिटी'चे तीन हजार, पुस्तकं शाळेच्याच दुकानातून घ्या, असं सांगितलं जातं. यातलं काय मागता येतं आणि काय नाही? आणि तक्रार केली तर मुलाला त्रास होईल या भीतीने पालक गप्प बसतात, त्याचं काय करावं?

नदीकाठ | ४ मार्च, दुपारी ३:४०

मोगरा, कलम ३(२) चा आशय असा आहे: प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यात आड येईल अशी कोणतीही फी, आकार किंवा खर्च भरायला मूल बांधील नाही. त्यामुळे कसोटी सोपी ठेवा. जे शाळेच्या वेळात, वेळापत्रकात, संपूर्ण वर्गासाठी आहे त्याचे पैसे मागता येत नाहीत, त्याला नाव अ‍ॅक्टिव्हिटी द्या, टर्म फी द्या की संगणक फी. बस, शाळा सुटल्यानंतरचा ऐच्छिक वर्ग, हे वेगळं. ते घेतलं तर पैसे द्यावे लागतात, पण ते घ्यायची सक्ती नाही. पुस्तकं आणि गणवेश मोफत असं आदर्श नियमावली सांगते. प्रत्यक्षात यावर शाळा आणि शासन एकमेकांकडे बोट दाखवतात आणि पालक मधे अडकतो, म्हणून ते वेगळ्या अर्जात मागा, फीच्या तक्रारीत मिसळू नका.

गॅदरिंगचा पोशाख हा सगळ्यांत बोचरा प्रकार आहे. नऊशे भरले नाहीत तर मुलाला नाचातून काढून "झाड" करतात किंवा त्या दिवशी घरी राहायला सांगतात. शाळेने जुने पोशाख धुऊन, मापांच्या चिठ्ठ्या लावून पेटीत ठेवले तर तीन-चार वर्षांत संपूर्ण प्राथमिकला पुरतील एवढे जमतात, आणि ते सगळ्यांनाच वापरायला द्यायचे. फक्त काही मुलांना पेटीतले दिले तर पुन्हा तेच झालं.

आता तक्रार. बिघडतं कुठे ते आधी सांगते. पालक तोंडी भांडतात आणि कागद काहीच उरत नाही. किंवा "सध्या भरून टाकू" म्हणून शिक्षकाच्या वैयक्तिक नंबरवर पैसे पाठवतात, पावती नाही. पैसे दिलेच तर कशाचे ते पावतीवर लिहून घ्या.

मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज दोन प्रतींत. एक द्यायची, दुसऱ्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. घेत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. पंधरा दिवस थांबा. मग गावात असाल तर पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी, शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग. अर्जात "कलम ३२ खाली तक्रार" असं स्पष्ट लिहा, कारण मग स्थानिक प्राधिकरणाला तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. समाधान झालं नाही तर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. मुलाची किंवा आईवडिलांची मुलाखत, चाचणी घेतली असेल तर ते कलम १३: पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत.

भीतीबद्दल: एकट्याने जाऊ नका. पाच-सहा पालकांनी मिळून सही करा आणि मागणी सगळ्यांसाठी ठेवा. अर्जात मुलाचं नाव घालायची गरज नसते, "शाळेतील २५ टक्के अंतर्गत विद्यार्थ्यांकडून" एवढं पुरतं. शक्य असेल तर फी भरणाऱ्या एक-दोन पालकांची सही घ्या. पेणकरांसारखी माणसं इथे खरी मदत करू शकतात, त्यांच्या सहीला कार्यालयात दबावाची भीती नसते.

पेणकर_वि | ४ मार्च, रात्री ८:१०

हिशेबनीस आणि शिवारफेरी, आभार. ७७७ चा आकडा मी समितीत मांडणार आहे. सहीचंही मान्य. एक शंका उरते आणि ती बऱ्याच घरांत आहे: वर्गाचा दर्जा घसरतो का? मुलं शिव्या शिकतात असं म्हणतात.

खडूफळा | ४ मार्च, रात्री १०:०२

यावर चांगला अभ्यास झालेला आहे. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी दिल्लीच्या महागड्या शाळांत केला, २०१९ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये छापून आला. दिल्लीत सवलतीच्या जमिनीवरच्या खाजगी शाळांना २००७ पासून गरीब मुलं घ्यावी लागली. त्यामुळे एकाच शाळेत आधीच्या तुकडीत फक्त श्रीमंत मुलं आणि नंतरच्या तुकडीत मिश्र, अशी तुलना करता आली.

आढळलं ते असं. एकूण गुणांवर ठळक परिणाम नाही, इंग्रजीत किंचित घट. वर्गातली बेशिस्त थोडी वाढली, त्यात शिवीगाळही आली. म्हणजे तुमची शंका अगदीच निराधार नाही, आणि ते लपवायचं कारण नाही. पण त्याचबरोबर श्रीमंत मुलं जास्त उदार झाली, धर्मादाय कामाला स्वतःहून पुढे येऊ लागली, गरीब मुलांबरोबर खेळायला तयार होऊ लागली. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला दिला. एक मूल गरीब पण वेगाने धावणारं, दुसरं श्रीमंत पण हळू. बक्षीस ५० पासून ५०० रुपयांपर्यंत. बक्षीस लहान असताना बरीच मुलं हरायला तयार होती, पण गरीब मुलाला जोडीला घ्यायला नाही. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती त्यांच्यात हा भेद कमी दिसला.

आणि आता नदीकाठ ताईंच्या हजेरीपटाकडे परत या. काही शाळांत अभ्यासगट नावाच्या आद्याक्षराप्रमाणे पाडले जात होते, त्यामुळे कुणाच्या गटात गरीब मूल आलं, कुणाच्या नाही, हे निव्वळ योगायोगाने ठरलं. बदलाचा बराच भाग या प्रत्यक्ष एकत्र काम करण्यातून आला होता. एका शाळेत राहून हजेरीत ती कोरी ओळ सोडली की हा फायदा कुणालाच मिळत नाही, ना त्या दहांना, ना त्या तीसांना.

शिवारफेरी | ५ मार्च, सकाळी ७:३०

मूळ प्रश्नाला धरून अजून एक. "त्यांच्यासाठी झेडपीच्या शाळा आहेत ना" हे वाक्य. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने नियमात बदल केला की ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला २५ टक्क्यांतून सूट. शहरात कुठलीही शाळा घ्या, एक किलोमीटरमध्ये पालिकेची शाळा असतेच. म्हणजे तरतूद जवळजवळ संपलीच होती. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे ला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला, सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये त्यात हात घातला नाही. पण तोवर जून उलटून गेला होता. प्रवेश लांबले, कितीतरी मुलं जुलै संपेपर्यंत घरी.

जिल्हा परिषदेच्या शाळा चांगल्या व्हायलाच हव्यात, त्यात वाद नाही, अनेक आहेतही. पण "तुमची जागा तिकडे" हे सांगणारा माणूस स्वतःच्या मुलाला तिकडे घालत नाही. झेडपीची शाळा त्याला फक्त या वादातच आठवते.

दफ्तर१९ | ५ मार्च, सकाळी १०:१५

आठवीनंतरचं कुणीच लिहिलं नाही, आणि खरा कडेलोट तिथे आहे.

कायदा आठवीपर्यंत. नववीच्या जूनमध्ये त्याच शाळेत पूर्ण फी. आठ वर्षं इंग्रजी माध्यमात काढलेलं मूल, घरी एकदम पन्नास-साठ हजारांचा कागद येतो. एप्रिलमध्ये कळून काही करता येत नाही, कारण अनुदानित शाळांचे नववीचे वर्ग तोवर भरलेले असतात. त्यातही इंग्रजी किंवा सेमी-इंग्रजीचे अनुदानित वर्ग मोजके.

अजून एक फट. एनएमएमएस शिष्यवृत्ती, आठवीत परीक्षा, नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. ती शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांनाच आहे. आरटीईतून खाजगी विनाअनुदानित शाळेत गेलेलं गरीब मूल त्या परीक्षेला बसूच शकत नाही. खाजगी शाळेत आहे म्हणून ते श्रीमंत, असं गृहीत धरलेलं आहे.

म्हणून सहावीतच आसपासच्या अनुदानित शाळांची यादी करा. सातवी संपताना बदली केली तर मूल अनुदानित शाळेतून आठवीला बसतं आणि एनएमएमएसचं दार उघडतं. तोटा एवढाच की मोफत खाजगी शाळेचं एक वर्ष सोडावं लागतं. दाखला अडवला तर कलम ५(३) दाखवा, मुख्याध्यापकाने तो तत्काळ द्यायचा आहे. ज्यांना त्याच शाळेत राहायचंय त्यांनी आठवीच्या जानेवारीत संस्थेकडे फी सवलतीचा अर्ज करावा. बऱ्याच संस्थांच्या न्यासात गरजू विद्यार्थ्यांसाठी थोडा निधी असतो, मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

मोगरा_सांगली | ५ मार्च, सकाळी ११:०५

हे माहीतच नव्हतं. हजेरी आणि फीच्या अर्जाचा मसुदा कुणी देईल का? साध्या मराठीत, म्हणजे वस्तीत वाटता येईल.

नदीकाठ | ५ मार्च, दुपारी १:२०

हा घ्या. हाताने लिहिला तरी चालतो.

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचं नाव व पत्ता)

विषय: २५ टक्के अंतर्गत विद्यार्थ्यांची वेगळी यादी व शुल्काची मागणी याबाबत.

महोदय / महोदया,
आम्ही खाली सही करणारे पालक विनंती करतो की, (१) वर्गातील हजेरीपट, परीक्षेची बैठक आणि गट सर्व विद्यार्थ्यांच्या नावाच्या एकाच अकारविल्हे क्रमाने करावेत, (२) वर्गात, सूचनाफलकावर किंवा व्हॉट्सअ‍ॅप गटावर "आरटीई" असा उल्लेख करू नये, (३) दि. ____ रोजी ____ या कारणासाठी मागितलेली रु. ____ ही रक्कम कोणत्या नियमाने मागितली ते लेखी कळवावे. (४) ही रक्कम न भरल्यामुळे कोणत्याही विद्यार्थ्याला वर्ग, परीक्षा, सहल किंवा कार्यक्रमातून वगळू नये. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. न मिळाल्यास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार तक्रार करू.

सह्या, इयत्ता, तारीख.

मुलांची नावं घालू नका. प्रत्येक पानावर सह्या घ्या, नुसत्या शेवटच्या पानावर नको. आणि आवक शिक्क्याचा फोटो तिथेच, काउंटरवर उभं असतानाच काढून सगळ्या सह्या करणाऱ्यांना पाठवा.